दादाची दाढी

सलूनचा मालक आणि छातीवर रुळणारी दाढी, असं ध्यान आमच्या रस्त्यावर एकच होतं आणि ते म्हणजे माझा थोरला भाऊ. नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशात आधी स्वतःला बघायचं, मग मागे उभ्या असलेल्या दादाला, आणि न राहवून विचारायचं, "मालक, तुमची कोण करतं?" दादा ब्रशने फेस घोटता घोटता म्हणायचा, "माझा माणूस सुट्टीवर आहे."

माणूस सुट्टीवर बिट्टीवर काही नव्हता. तो तिथेच, गल्ल्यामागे बसून टॉवेलांच्या घड्या घालत असायचा. आमचा धाकटा. त्याला सगळे बारक्या म्हणतात. पोट सुटलं, केस विरळ झाले, तरी बारक्याच.

मी दोघांच्या मधली. मोठ्या हॉस्पिटलात स्कॅनच्या मशीनवर टेक्निशियन आहे. माणसांना आडवं करायचं, बोगद्यात सरकवायचं आणि काचेमागून माइकवर दरडावायचं, हलू नका. माझा स्वभाव या कामाला शोभतो असं घरात सगळ्यांचं मत होतं. दादा मला ठिणगी म्हणायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आम्ही दोघं भाऊ पाणी लावून करतो. बिनपाण्याने करायचं खातं बहिणीकडे आहे." वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बारक्या आणि मी लग्नाच्या भानगडीत पडलोच नाही. सलूनच्या वरच्या खोल्यांत आम्ही तिघं भांडत आणि हसत राहत होतो.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून दोघं भाऊ एकमेकांची दाढी करायचे. गिऱ्हाइकांसाठी पातं बदलायचा वस्तरा. आपसात मात्र वडिलांचा जुना, हाडाच्या मुठीचा, चामड्याच्या पट्ट्यावर ओढून धार राखायचा तो. वडिलांनी दोघांना त्याच वस्तऱ्यावर शिकवलं होतं, आधी फुग्याला फेस फासून आणि मग एकमेकांच्या गालावर. आपला गाल दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय दुसऱ्याच्या गालाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. दाढी झाली की बारक्या छोटा आरसा दादासमोर धरायचा आणि विचारायचा, "बघ, तूच आहेस ना?" दादा आरशावर तोंडाने 'हाऽ' करून वाफ धरायचा, बाहीने पुसायचा, बराच वेळ निरखून बघायचा आणि म्हणायचा, "मीच दिसतोय बुवा." वर्षानुवर्षं हाच विनोद. मला त्याचा वीट आला होता.

मग एके दिवशी काहीच घडलं नाही. मी हे मुद्दाम असं सांगते, कारण लोक हमखास विचारतात, काय झालं होतं, कुणाला कापलं होतं का? कुणालाही नाही. बारक्या एका शाळामास्तरांची दाढी करत होता. मास्तरांची मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. बारक्याच्या मनात आलं, आता हात जरा दाबला तर? एवढंच. असले आचरट विचार सगळ्यांना येतात. गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले की मलाही येतो, उडी मारली तर? येतो आणि आल्या वाटेने जातो. बारक्याचा गेला नाही. त्याने दाढी पुरी केली, मास्तरांच्या मानेवर ओरखडासुद्धा नव्हता. मग आत जाऊन बराच वेळ हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाला, "दादा, आजपासून दाढ्या तू कर. मी केसांचं बघतो."

दादा म्हणाला, "बरं."

दादाचं सगळं प्रेम त्या एका शब्दात असायचं. धाकट्याने खेळणं मागितलं, बरं. शाळा सोडली, बरं. कारण विचारायचं नाही, तोशीस आपण घ्यायची. मी असते तर कारण विचारलं असतं आणि भांडणही केलं असतं, पण त्याने काही फरक पडला असता असं आता वाटत नाही.

दाढ्या सुटल्या, मग कानाजवळची कात्री सुटली. ती कामं दादाकडे गेली. मग कात्रीच सुटली, नुसतं केस कापायचं मशीन उरलं. मग मशीनची वायर गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकली तर, असं त्याच्या डोक्यात आलं आणि मशीनही गेलं. शेवटी खोबरेल तेलाची बाटली, टॉवेल आणि गल्ला एवढं त्याच्या वाट्याला राहिलं. लोक थट्टा करायचे, बारक्या शेट झाला, बसून खातो. तोही हसायचा. मुंगी दिसली तर पाऊल लांब टाकणारा माझा भाऊ, आणि त्याला दिवसभर एकच भीती, आपल्या हातून माणूस मरणार.

घरातही तेच. बारक्या स्वयंपाकघरात आला की मी सुरी ओट्याखाली सारायची. भाजी त्याच्या मागे चिरायची. काचवाल्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून आम्ही बाजारात जाताना लांबचा रस्ता धरायचो. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप होत गेलं. आजारी माणसासाठी पथ्य पाळावं तसं आम्ही त्याच्या भीतीचं पथ्य पाळत होतो. भीतीची तब्येत मात्र सुधारत होती.

सुट्टीच्या दिवशी दादा बारक्याची दाढी करायचा, पण दादाची पाळी आली की बारक्या उठून जायचा. दादाने स्वतःची दाढी स्वतः करायला काय हरकत होती? हात शाबूत होते, समोर आरसा होता. मी बोलले, शेजारचे बोलले. दादा म्हणाला, "ही दाढी बारक्याची आहे. तो करेल तेव्हा होईल." आणि त्याने ती वाढू दिली. बारक्याला तिच्याकडे बघवायचं नाही आणि तिच्यावरून नजरही हटायची नाही.

आमच्या हॉस्पिटलात मेंदूवर संशोधन करणारी एक डॉक्टरीण आली. तिला मंत्रचळ झालेल्या माणसांचे स्कॅन हवे होते. मंत्रचळ म्हणजे परत परत हात धुणं, कुलूप ओढून बघणं, एवढंच मला माहीत होतं. ती आम्हा टेक्निशियन लोकांना समजावून सांगताना म्हणाली, काही रोगी धूतही नाहीत आणि तपासतही नाहीत, ते फक्त टाळतात. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या वाटेलाच जात नाहीत. टाळणं बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं माणूस आळशी झाला. माझ्या हातातला चहा गार झाला. ती बाई माझ्या घरात डोकावून बोलत होती.

बारक्याला मी ओढूनच नेलं. घरचा माणूस म्हणून मला त्या दिवशी मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. माझ्या जागी सहकारी बसला, मी मागे उभी राहिले. आमच्या त्या खोलीत धातूचं काही नेता येत नाही, मशीनचं चुंबक खेचून घेतं. तसं त्याला सांगितलं, खिसे रिकामे करायला लावले, पट्टा काढून घेतला. बारक्याने खोलीभर नजर फिरवली. "म्हणजे इथे पातं, सुरी, कात्री, काहीच नाही?"

"पिनसुद्धा नाही," मी म्हणाले.

त्याचे खांदे खाली आले. कित्येक दिवसांत मी त्याला असं सैल झालेलं पाहिलं नव्हतं. "ताई, मला इथेच ठेव ना," तो म्हणाला. मी त्याला गप्प झोप म्हणून दरडावलं, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते.

काम साधं होतं. डोळ्यांसमोरच्या पडद्यावर निळा दिवा लागला की मनगटाला बांधलेल्या वायरीतून बारीकसा झटका येणार. हातातलं बटण वेळेवर दाबलं तर झटका नाही. हे तो चटकन शिकला. मग डॉक्टरीण स्वतः आत गेली, वायर सोडली, त्याला दाखवली आणि सांगितलं, आता झटका येऊच शकत नाही, बटण दाबायची गरज नाही. ती बाहेर आली. निळा दिवा लागला. बारक्याने बटण दाबलं. परत लागला, परत दाबलं. मोकळं मनगट, आणि अंगठा आपला बटणावर. बाकीची माणसं थोड्या वेळाने सोडून देतात, म्हणाली ती. बारक्या शेवटच्या दिव्यापर्यंत दाबत राहिला.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "वायर नव्हती हे माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं."

"मग?"

"माहीत होतं गं. पण दाबायला काय जातं?"

डॉक्टरीण मला म्हणाली, मेंदूत खोलवर एक भाग सवयी सांभाळतो आणि कपाळामागचा एक भाग बघतो की परिस्थिती बदलली का. दोघांचं आपसात सारखं बोलणं चालू असतं. या आजारात ते बोलणं बिघडलेलं दिसतं, कुठे नको तेवढं घट्ट, कुठे तुटक. "पण हे पुष्कळ लोकांच्या सरासरीवरून," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या चित्रावर बोट ठेवून, हे बघा इथे बिघडलंय, असं मी सांगू शकत नाही." हे ती खरं बोलली म्हणून मला ती आवडली. मग म्हणाली, "तो बटण दाबतो, काही होत नाही. मेंदू श्रेय कुणाला देतो? बटणाला. न दाबताही काही होत नसतं, हे कळायची संधीच तो स्वतःला देत नाही."

घरी येऊन हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने दाढीतून हात फिरवत ऐकलं. "म्हणजे तो म्हणाला दाढ्या तू कर, आणि मी बरं म्हणालो," तो म्हणाला, "तेव्हा त्याचं बटण मीच झालो की."

संशोधनात उपचार नव्हता, पण डॉक्टरीणबाईंनी ज्या बाईंकडे पाठवलं त्या उपचार करणाऱ्या होत्या, शांत आणि चिवट. गोळ्या सुरू झाल्या आणि पायऱ्या ठरल्या. आधी बंद वस्तरा नुसता हातात धरून बसायचं. मग उघडा. मग फेस फासलेल्या फुग्यावर. मग स्वतःच्या गालावर. शेवटच्या पायरीवर दादाची दाढी. भीती वाढली तरी उठून जायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. आणि आम्हा दोघांना एकच ताकीद. तो विचारेल, काही होणार नाही ना? त्यावर 'नाही' म्हणायचं नाही. 'माहीत नाही' म्हणायचं. त्याला खात्री द्यायची नाही आणि त्याचं काम सोपं करायचं नाही.

मला ते जमलं. माझी जीभ तशीही तिखटच. दादाचे मात्र हाल झाले. बारक्या विचारायचा, "दादा, फुगा फुटून फेस डोळ्यात गेला नाही ना तुझ्या?" दादा तोंड उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि गिळून म्हणायचा, "माहीत नाही बुवा." म्हणून झाल्यावर गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

याच सुमारास दादाला जिना चढताना धाप लागायला लागली. पाय सुजले. तपासण्या झाल्या. हृदय थकलं होतं, आणि ऑपरेशन झेपेल अशी त्याची अवस्था राहिली नव्हती. हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, दादाला सांगायची गरज पडली नाही. तो घरी येऊन मला म्हणाला, "ठिणगे, मला एकच बघायचंय. त्याने एकदा माझी दाढी करावी. माझ्यासाठी नाही. मी गेल्यावर याला कोण खुर्चीजवळ उभं करणार?"

बारक्यालाही न सांगता कळलं होतं. तो जिवाच्या आकांताने पायऱ्या चढत होता. भीती चढायची, पण उठायचा नाही. फुगे झाले. स्वतःचा गाल झाला, त्या दिवशी आम्ही तिघं भर दुपारी आइस्क्रीम खाऊन आलो. पुढच्या सुट्टीचा दिवस ठरला.

आणि दादाने नको ती गोष्ट केली.

शटर अर्धं खाली होतं. दादा खुर्चीत बसला, मान मागे टेकली. मी टॉवेल दिला. बारक्याने कात्रीने दाढी उतरवली, हात थरथरत होता पण थांबला नाही. केसांचा ढीग फरशीवर पडला आणि त्यातून आमच्या दादाची हनुवटी बाहेर आली. मी हसले, बारक्याही हसला. फेस लावला. बारक्या वस्तरा पट्ट्यावर ओढायला गेला तेव्हा दादा घाईने म्हणाला, "ओढून ठेवलाय मी, तू कर सुरू."

बारक्याने वस्तरा गालावर ठेवला. डोळे मिटले, उघडले आणि खाली ओढला.

सलूनमध्ये वाढलेल्या माणसाला वस्तऱ्याचा आवाज ओळखीचा असतो, कागद फाडावा तसा बारीक खर्र. तो आवाज आलाच नाही. केस कापले जाण्याऐवजी ओढले गेले. दादाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण त्याने चेहरा हलू दिला नाही. बारक्याने वस्तरा उचलला, आपल्या मनगटावरच्या केसांवरून फिरवला. एकही केस तुटला नाही.

"धार मारलीस?"

दादाने डोळे मिटून घेतले.

"कशाने?"

"बाटलीच्या काठावर ओढला," दादा म्हणाला. "काल संध्याकाळी. म्हटलं, पहिल्यांदा तुला निर्धास्त..."

"म्हणजे तुलाही वाटतं."

"माझ्यासाठी नाही रे राजा. तुझ्यासाठी. मला कापायची भीती नाही, तुला भीती वाटू नये म्हणून..."

"तेच," बारक्या म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. "सगळे म्हणायचे काहीतरीच काय, बारक्याच्या हातून कसं होईल. मला वाटायचं, निदान दादाला तरी खात्री आहे."

त्याने वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि पेटीत ठेवला. ओल्या टॉवेलने दादाच्या चेहऱ्यावरचा फेस टिपून काढला, अगदी हलक्या हाताने. मग वर जाऊन निजला. दादा तसाच खुर्चीत, कात्रीने कुरतडल्यासारखी दाढी घेऊन. मी त्याला बोलायला तोंड उघडलं होतं. जगातली सगळी बिनपाण्याची माझ्या जिभेवर आली होती. पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच्याने बोलवलं नाही. त्याला सगळं कळत होतं, बटण, मेंदू, पायऱ्या. कळतं पण वळत नाही म्हणतात ते उगाच नाही. ज्याने जन्मभर धाकट्याच्या वाटेतला खडा उचलला, त्याला एक खडा तसाच ठेव म्हणून सांगितलं होतं.

त्यानंतर बारक्या वस्तऱ्याच्या पेटीलाही हात लावेना. बाईंनी समजावलं, परत पहिल्या पायरीपासून सुरू करू, असं होतं. तो मान हलवायचा आणि उद्या म्हणायचा. दादाजवळ मात्र बसून असायचा. त्याचे पाय चेपायचा, गोळ्या द्यायचा, भरवायचा. सगळं करायचा, तेवढं सोडून.

आणि दादा रोज सकाळी खिडकीत बसून वडिलांचा वस्तरा दगडावर घासायचा. चार वेळा ओढलं की दम लागायचा, थांबायचा, परत ओढायचा. मग चामड्याचा पट्टा. बाटलीच्या काठाने गेलेली धार परत आणणं सोपं नसतं. मी म्हणाले, "आता कशाला?" तर म्हणाला, "मारायला एक ओढ पुरली. आणायला बघ किती लागतंय." मग वस्तरा पेटीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. हे बारक्या अंघोळीला गेलेला असताना चालायचं. त्याला सांगू का, विचारलं तर दादा म्हणाला, "सांगून कळायचं नाही. हातात घेईल तेव्हा कळेल."

दादाला हॉस्पिटलात हलवलं तेव्हा दाढी पुन्हा वाढली होती. श्वासासाठी तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावायचा होता. दाढीमुळे तो बसेना, कडेने हवा निसटत होती. सिस्टर म्हणाली, काढावी लागेल. दादा मास्क बाजूला करून म्हणाला, "थांबा जरा. माझा माणूस येतोय."

मी बारक्याला फोन केला. तो आला. हातात वडिलांची पेटी होती, हे मी आजही विसरत नाही. तो ती घेऊन घरून निघाला होता, बसमध्ये मांडीवर धरून आला होता. वॉर्डच्या दारापर्यंत आला आणि थांबला. दादाने त्याला पाहिलं. दादाच्या ओठांचा रंग बदलला होता. सिस्टर घाई करत होती. बारक्याने एक पाय आत टाकला, परत मागे घेतला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. रस्ता ओलांडताना मधेच पाय गळालेल्या माणसासारखा तो उभा होता.

दादा सिस्टरला म्हणाला, "तुमच्या मशीनने काढा." आणि मला म्हणाला, "याला बाहेर ने. चहा पाज." शेवटपर्यंत त्याचं बटण होऊन राहिला.

हॉस्पिटलच्या माणसाने घाईत मशीन फिरवलं. मास्क बसला. दादा आणखी काही दिवस होता, बोलत मात्र नव्हता. एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, तो गेला. आधी दाढी काढली असती तर फरक पडला असता का, हे बारक्याने हृदयाच्या डॉक्टरांना इतक्या वेळा विचारलं की ते शेवटी हात जोडून उठले. नसता पडला. ते खरं आहे. पण खरं कळून त्याला कधी काय उपयोग झालाय?

दादाला बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. गालावर खुंट, कुठे लांब, कुठे आखूड, हनुवटीखाली एक झुबका तसाच राहिलेला. ज्याने रस्त्यावरच्या अर्ध्या माणसांना नीटनेटकं केलं त्याची ही दशा. मी तोंडावरचं पांघरूण सारखं करत होते तेवढ्यात बारक्या म्हणाला, "ताई, गरम पाणी आण."

मी आणलं. त्याने पेटी उघडली. बाह्या दुमडल्या. टॉवेल गळ्याभोवती लावला, फेस घोटला, ब्रशने गोल गोल लावला, घाई न करता. वस्तरा उघडला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. हात दगडासारखा स्थिर होता.

पहिली ओढ. खर्र.

तो थांबला. वस्तरा वर धरून त्याने पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धार आहे."

"हो."

"कुणी..." त्याने विचारायला सुरुवात केली आणि पुढे विचारलं नाही. दादाशिवाय त्या वस्तऱ्याला हात लावणारं होतं कोण?

"रोज सकाळी घासायचा," मी म्हणाले. "तू अंघोळीला गेलास की."

बारक्याने मान हलवली. दुसरा गाल केला. ओठावरचं केलं. मग कपाळाला दोन बोटं लावून डोकं हलकेच मागे केलं आणि गळ्यावर वस्तरा ठेवला, त्याच जागी, जिथे त्याच्या मनाने हजारदा कापलं होतं. खालून वर, एका सरळ ओढीत. काही झालं नाही. मला त्याचा राग आला, एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. कालपर्यंत का नाही? आणि मग उत्तर कळलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. आता दादाला काही होऊच शकत नव्हतं. माझ्या भावाला खात्री हवी होती, ती त्याला मिळाली होती. निळा दिवा लागला होता, वायर सुटली होती, आणि या वेळी अंगठा बटणावर नव्हता. त्यातून शिकण्यासारखं मात्र काही उरलं नव्हतं.

"लागलं नाही ना त्याला?" बारक्याने विचारलं.

माहीत नाही, असं म्हणायची ताकीद होती. माझ्याने म्हणवलं नाही. "नाही रे," मी म्हणाले. "अजिबात नाही."

त्याने गरम टॉवेलने चेहरा पुसला, तुरटी फिरवली, कानामागे राहिलेला फेस बोटाने काढला. आमचा दादा परत दिसायला लागला, गालावर खळी असलेला, कुणाला नाही न म्हणणारा. बारक्या मागे सरकून दोन्ही बाजूंनी बघून आला, एका बाजूचा कल्ला दुसऱ्यापेक्षा खाली नाही ना. मग पेटीतून छोटा आरसा काढला आणि दादाच्या तोंडासमोर धरला.

विचारलं काही नाही त्याने. नुसता धरून उभा राहिला, दादा आरसा पुसेल म्हणून. आरशावर वाफ धरली नाही. मी जाऊन त्याच्या हातून तो काढून घेतला.